चार पावलांचा उजेड

वाचकहो, आपल्या घरच्या कपाटातील एखाद्या खणात, जुन्या किल्ल्या आणि बंद पडलेली घड्याळे ह्यांच्या शेजारी, एक लहानसा डिजिटल कॅमेरा बहुधा पडून असेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तो मोठ्या हौसेने घेतला गेला. पुढे मोबाइल फोनमध्येच कॅमेरा आला आणि ह्या बिचाऱ्याचे काम सरले. अलीकडे मात्र घरोघरची तरुण मंडळी तोच कॅमेरा पुसून-झटकून पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. सहलीला, लग्नाकार्याला तो खिशात घालून नेतात आणि त्याने काढलेली छायाचित्रे कौतुकाने दाखवितात. ह्या गोष्टीचा आनंदच वाटतो. परंतु ह्या कॅमेऱ्याच्या अंगातच बसविलेला जो लहानसा दिवा आहे, ज्याला आपण सारे फ्लॅश म्हणतो, त्याचा उपयोग केव्हा करावा आणि केव्हा करू नये ह्याविषयी फार थोड्यांनी विचार केलेला असतो. कॅमेरा स्वतःच्या मर्जीने तो लावतो आणि आपण तो लावू देतो. ह्या हयगयीची किंमत कधी कधी मोठी पडते. ती मला एकदा जबलपूरला मोजावी लागली. म्हणून आजच्या लेखात त्या दिव्याविषयी चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

भेडाघाटची रात्र

जबलपूर आणि मराठी माणूस ह्यांचा संबंध जुना आहे. 1781 साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे आले, आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि 1904 साली निघालेली तोफगाड्यांची फॅक्टरी ह्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे तेथे येतच राहिली. माझ्या आत्याबाई लग्न होऊन अशाच एका घरात गेल्या आणि सुमारे साठ वर्षे त्या शहरात राहिल्या. त्यांच्या मराठीत हिंदीचा गोडवा उतरला होता, आणि नर्मदेला त्या ‘नर्मदाजी’ म्हणत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने जबलपूरचे घर विकण्याचे ठरविले. आत्याबाई पुण्याला मुलाकडे जाणार होत्या. सामानाची बांधाबांध करण्यास मदत म्हणून मी गेलो होतो.

निघण्यापूर्वी त्यांनी एकच इच्छा बोलून दाखविली. शहरापासून वीस-बावीस किलोमीटरांवर भेडाघाट आहे. तेथे नर्मदा संगमरवरी खडकांच्या अरुंद घळीतून वाहते. दोन्ही बाजूंना सुमारे शंभर फूट उंचीचे पांढरे, करडे, निळसर कडे, आणि मध्ये संथ, खोल पाणी. शरद पौर्णिमेच्या सुमारास तेथे नर्मदा महोत्सव भरतो आणि चांदण्यातले ते कडे पाहण्यासाठी दुरून लोक येतात. आत्याबाई म्हणाल्या, “अरे, लग्न होऊन आले त्या वर्षी ह्यांनी मला कोजागिरीला तिथं नेलं होतं. तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता? आता तू आहेस, तुझा कॅमेरा आहे. मागे संगमरवर दिसेल असा माझा एक फोटो काढ. पुण्याच्या भिंतीवर लावीन.”

कोजागिरीच्या रात्री आम्ही पंचवटी घाटावरून नावेत बसलो. चांदणे इतके स्वच्छ होते की कड्यांवरच्या रेषासुद्धा डोळ्यांना दिसत होत्या. नावाडी तेथील रीतीप्रमाणे यमके जुळवीत एकेका खडकाची ओळख करून देत होता. आत्याबाई पाठ कड्याकडे करून बसल्या. मी कॅमेरा उघडला आणि कळ दाबली. लख्ख उजेड पडला. पडद्यावर पाहतो तो आत्याबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा, डोळ्यांच्या बाहुल्या लाल, आणि मागे संपूर्ण काळोख. कडा नाही, पाणी नाही, चंद्रही नाही. मी पुन्हा काढला, पुन्हा तेच. भिंग पुढे सरकवून काढला, तर चेहराही अंधारला. आठ-दहा वेळा असे झाल्यावर आत्याबाईंनी कॅमेरा हातात घेऊन पाहिले आणि त्या म्हणाल्या, “हा भेडाघाट कुठला रे? कोळशाच्या वखारीत बसवल्यासारखी दिसते मी.” सगळे हसले, त्याही हसल्या, पण माझा चेहरा उतरला. नावाड्याने वल्हे मारता मारता सांगितले, की असले दिवे इथे रोज चमकतात, पण त्यांनी खडक उजळलेला आपण कधी पाहिला नाही.

त्या अनुभवी माणसाने प्रकाशशास्त्राचा एक नियमच सांगून टाकला होता. तो आता आपण पाहू.

दिव्याची धाव

आपण एका दिव्यासमोर एक मीटरावर उभे आहो असे समजा. तेथून दोन मीटरांवर गेलो तर आपल्यावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, तो चौथाई होतो. तीन मीटरांवर तो नवव्या भागाइतका उरतो. अंतर जितक्या पटीने वाढते, त्या पटीच्या वर्गाने उजेड घटतो. कारण तोच उजेड अधिकाधिक मोठ्या जागेवर पसरत जातो.

लहान कॅमेऱ्यातील फ्लॅशचा दिवा नखाएवढा असतो. कॅमेऱ्याची प्रकाशग्रहणशक्ती, म्हणजे आयएसओ, 100 वर ठेवली आणि झूम मुळीच वापरला नाही, तर अशा दिव्याची धाव साधारणपणे तीन मीटर भरते. आपल्या पावलांनी मोजले तर चार पावले. आत्याबाई माझ्यापासून दीड मीटरावर होत्या, म्हणून त्यांच्यावर उजेडाचा मारा झाला. मागचा कडा तीस मीटर दूर होता असे धरू. तीन मीटरांच्या दहापट अंतर, म्हणून तीन मीटरांवर जेवढा उजेड पडतो त्याचा शंभरावा भाग कड्यावर पडला. म्हणजे पडला नाही असेच म्हणावयाचे.

मग चांदणे कोठे गेले? फ्लॅश लागणार असे ठरले की कॅमेरा आपली झडप फार थोडा वेळ उघडतो, बहुधा सेकंदाचा साठावा भाग किंवा त्याहूनही कमी. फ्लॅशचा लोळ तर हजाराव्या भागातच संपतो. परंतु चांदण्याला कॅमेऱ्याच्या पटलावर आपली खूण उमटविण्यास कित्येक सेकंद लागतात. ते बिचारे दाराशी येईपर्यंत दार लागलेले असते.

झूम केल्यावर चेहराही का अंधारला, ह्याचेही कारण साधे आहे. बहुतेक लहान कॅमेऱ्यांत भिंग पुढे सरकले की उजेड आत येण्याची वाट अरुंद होते. छिद्राचा आकडा 2.8 वरून 5.6 वर गेला तर दिव्याची धाव निम्मी होते, तीन मीटरांची दीड मीटरावर येते. म्हणून फ्लॅश वापरताना झूम वापरू नये, आपणच पुढे जावे. उलट, आयएसओ 100 चा 400 केला तर धाव दुप्पट होते. चित्रात थोडे दाणे दिसतात, पण दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेले आजोबा त्यात येतात. मोठे सभागृह, क्रीडांगण, रंगमंच किंवा डोंगर मात्र कशानेही त्याच्या आटोक्यात येत नाही. सभागृहाच्या मागच्या रांगेतून फ्लॅश लावणाऱ्याच्या चित्रात पुढच्या दोन रांगांची डोकी तेवढी उजळतात.

दुपारी दिवा लावा

दुसऱ्या दिवशी आमची गाडी रात्रीची होती. म्हणून दुपारी आम्ही पुन्हा भेडाघाटला गेलो. आता ऊन होते, कडे झगमगत होते. उजेडाला काही कमी नाही अशा समजुतीने मी निश्चिंत होतो. पहिले चित्र घेतले, तो कडा उत्तम आला आणि आत्याबाईंचा चेहरा काळाठिक्कर. डोक्यावर ऊन, कपाळाची छाया डोळ्यांवर, मागे पांढराशुभ्र संगमरवर. कॅमेऱ्याने त्या पांढऱ्या खडकाच्या मानाने हिशेब केला आणि माणूस अंधारात राहिले. रात्री खडक गेला होता, आता माणूस गेले.

तेव्हा मला सुचले ते असे की, दिवा रात्री व्यर्थ गेला, तो आता लावून पाहावा. कॅमेऱ्याला स्वतःहून तो लावण्याचे कारण दिसत नव्हते. ऊन भरपूर, मग दिवा कशाला, असा त्याचा हिशेब. म्हणून फ्लॅशच्या खुणांतून मी नुसती विजेची खूण निवडली. ह्या खुणेचा अर्थ, काहीही असो, दिवा लागलाच पाहिजे. मी दोन पावलांवर गेलो, झूम मागे घेतला आणि कळ दाबली. पडद्यावर आत्याबाई होत्या. डोळ्यांत लहानसा चमकता ठिपका, कपाळावरील छाया फिकी झालेली, हिरव्या काठाच्या पातळाचा रंग खुललेला, आणि मागे त्यांच्या आवडीचा कडा वरपासून पाण्यापर्यंत.

वाचकहो, आजच्या लेखात जर एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही. ह्या दिव्याने रात्र उजळत नाही. तो जवळच्या एका-दोन चेहऱ्यांचा दिवा आहे, आणि त्याची खरी गरज पुष्कळदा भर दुपारी असते. झाडाच्या सावलीत उभे असलेले मूल आणि मागे उन्हातले शेत, खिडकीपाशी बसलेली आजी आणि बाहेरचा उजेड, टोपीच्या झालरीखाली लपलेला चेहरा, अशा प्रत्येक वेळी तो लावावा. उन्हात त्याची धाव आणखी कमी होते, कारण सूर्याशी त्याची स्पर्धा असते. रात्री चार पावले, तर दुपारी दोन, असा हिशेब ठेवावा.

ह्या बाबतीत लहान कॅमेरा मोठ्याहूनही सरस ठरतो. मोठ्या कॅमेऱ्यांत पडद्यासारखी सरकणारी झडप असते. साध्या फ्लॅशशी तिचा मेळ साधारण सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंतच बसतो, आणि तेवढ्या वेळात उन्हाचा उजेड जास्त होतो. पुष्कळशा लहान कॅमेऱ्यांची झडप भिंगातच असते आणि तिला असे बंधन जवळजवळ नसते. खिशातल्या ह्या स्वस्त वस्तूकडे दुपारच्या उन्हासाठी मोठ्यांना हेवा वाटावा असा गुण आहे, आणि आपण तो वापरीतच नाही.

दिवा मिटवावा असे प्रसंग

आता दिवा केव्हा लावू नये ते पाहू. त्यासाठी जबलपूरच्याच चार जागा पुरेत.

पहिली जागा धुवांधार. भेडाघाटजवळच नर्मदा कड्यावरून कोसळते आणि पाण्याचे तुषार धुरासारखे उडतात, म्हणून हे नाव. येथे सायंकाळी फ्लॅश लावला तर चित्रभर पांढरे, अर्धपारदर्शक गोळे उमटतात. काही भाविक मंडळी त्यांना दैवी तेजाचे गोल समजून छायाचित्र जपून ठेवतात. वस्तुतः ते भिंगाच्या अगदी जवळून जाणारे पाण्याचे थेंब असतात. लहान कॅमेऱ्यात दिवा भिंगाला लागूनच असल्यामुळे जवळचा प्रत्येक थेंब किंवा धुळीचा कण झगझगून उठतो, आणि इतक्या जवळची वस्तू स्पष्ट दिसू शकत नसल्याने तिचा वाटोळा डाग होतो. पावसात, धुक्यात, धान्य पाखडताना आणि जुन्या वाड्याच्या माळ्यावरही असे गोळे दिसतात. दिवा मिटवला की ते नाहीसे होतात.

दुसरी जागा चौसष्ट योगिनींचे मंदिर. दहाव्या शतकातील कलचुरींचे हे वर्तुळाकार देवालय भेडाघाटच्या टेकडीवर आहे, आणि भोवतीच्या ओवऱ्यांत भंगलेल्या परंतु अतिशय सुंदर योगिनीमूर्ती आहेत. शिल्पाचा आकार आपल्याला दिसतो तो सावल्यांमुळे. समोरून फ्लॅश पडला की सगळ्या सावल्या मूर्तीच्या मागे जातात आणि कोरीव दगड कागदाच्या कापट्यासारखा सपाट दिसू लागतो. येथे सकाळच्या किंवा उतरत्या उन्हाची वाट पाहावी. दिवा मिटवून, खांबाला कोपर टेकवून, श्वास रोखून चित्र घ्यावे. वस्तुसंग्रहालयांत तर पुष्कळ ठिकाणी फ्लॅशला मनाईच असते, आणि ती पाळण्यात आपलाही लाभ आहे, कारण काचेच्या कपाटासमोर फ्लॅश लावला की चित्रात मूर्तीऐवजी काचेवरचा झगझगाट येतो.

तिसरी जागा ग्वारीघाट. येथे सायंकाळी नर्मदेची आरती होते, पात्रातील लहानशा मंदिराभोवती पाने-फुलांच्या द्रोणांतले दिवे पाण्यावर तरंगत जातात. जे चित्र मुळी दिव्यांचेच आहे, तेथे आपला दिवा लावणे म्हणजे वाती विझविणेच होय. फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात त्या ज्योती निस्तेज होतात आणि समोरच्या पाठीच तेवढ्या दिसतात. शिवाय आरती करणाऱ्याचे डोळे दिपतात, ते वेगळेच. फ्लॅश बंद करण्याची खूण, म्हणजे विजेवर मारलेली आडवी रेघ, निवडावी, आयएसओ 800 किंवा अधिक ठेवावा आणि कठड्यावर हात टेकावा.

चौथी जागा जंगल. जबलपूरहून पुष्कळ कुटुंबे कान्ह्याला किंवा बांधवगडला जातात. तेथे वन्य प्राण्यांवर फ्लॅश टाकू नये. प्राणी बुजतो, आणि तो चार पावलांवर कधीच नसल्यामुळे चित्रालाही उपयोग होत नाही.

चेहरा आणि रात्र, दोन्ही हवी तर

भेडाघाटच्या त्या रात्री काहीच करता आले नसते का? नावेत नाही, कारण नाव हलते. परंतु घाटाच्या पायरीवर करता आले असते. बहुतेक कॅमेऱ्यांत माणूस आणि चांदणी, किंवा वीज आणि चंद्रकोर, अशी एक खूण असते. ती निवडली की फ्लॅश क्षणभर चेहरा उजळतो आणि त्यानंतरही झडप काही सेकंद उघडी राहून मागचा मंद उजेड गोळा करते. कॅमेरा कठड्यावर किंवा तिकटीवर स्थिर ठेवावा. हाताचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांनी आपोआप कळ दबण्याची सोय वापरावी. बसलेल्या माणसाला बजावून सांगावे की, लख्ख झाले म्हणजे संपले असे समजू नका, मी सांगेपर्यंत हलू नका. शहरातील रस्त्यावरचे दिवे असतील तर एक-दोन सेकंद पुरतात. पौर्णिमेच्या चांदण्याला आयएसओ 400 वर दहा सेकंदांच्या आसपास लागतात, आणि सगळ्याच लहान कॅमेऱ्यांना एवढा वेळ थांबता येत नाही. आपला कॅमेरा किती थांबतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

घरातले प्रसंग

मुंज, बारसे, हळदीकुंकू, वाढदिवस, ह्या प्रसंगी फ्लॅश लागतोच. तेथे थोडे पथ्य सांभाळले तर चित्रे पुष्कळ सुधारतात.

मंडळींना एकामागे एक उभे करू नये. पहिली रांग एक मीटरावर आणि शेवटची दोन मीटरांवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथाईच उजेड मिळतो. सगळ्यांना किंचित अर्धवर्तुळात बसवावे, म्हणजे प्रत्येकजण कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतो. माणसांना भिंतीला टेकवून उभे करू नये, कारण त्यांची काळी सावली भिंतीवर चिकटते. दोन हात पुढे ओढले की ती खाली पडून दिसेनाशी होते. चष्मा असेल तर हनुवटी थोडी खाली घेण्यास सांगावे. चेहरा फारच पांढरा येत असेल तर दिव्यासमोर पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा धरावा. त्याने धाव कमी होते, पण उजेड मऊ पडतो. आणि आपले स्वतःचे बोट दिव्यावर नाही ना, हे आधी पाहावे. मी स्वतः एका बारशाची निम्मी चित्रे अशीच घालविली आहेत.

डोळे लाल का दिसतात, असे पुष्कळजण विचारतात. अंधारात आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. भिंगाला लागूनच असलेल्या दिव्याचा उजेड त्या उघड्या दारातून आत जातो, डोळ्याच्या मागील रक्ताने भरलेल्या पडद्यावरून परततो आणि सरळ भिंगात येतो. म्हणजे तो लाल रंग रक्ताचाच होय. खोलीतले दिवे आधी लावावेत, म्हणजे बाहुल्या लहान होतात, आणि माणसाने भिंगाकडे न पाहता थोडे बाजूला पाहावे. कॅमेऱ्यातील डोळ्याची खूण निवडली तर मुख्य उजेडापूर्वी एक लहान उजेड पडून बाहुल्या आकसतात.

ह्याच संबंधात आई-वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लहान मुलाच्या छायाचित्रात एक डोळा लाल आणि दुसऱ्या डोळ्याची बाहुली पांढरी किंवा पिवळट चमकलेली दिसली, आणि ती अनेक चित्रांत तशीच दिसली, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. कधी ते नुसत्या कोनामुळे घडते, कधी मोतीबिंदूमुळे. परंतु रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा एक कर्करोग आहे. तो बहुतेक पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा अशा घरगुती छायाचित्रातच दिसलेली आहे. वेळीच उपचार झाले तर मूल वाचते आणि अनेकदा दृष्टीही वाचते. म्हणून घाबरून न जाता, पण विलंबही न करता, ते छायाचित्र घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चित्र कॅमेऱ्यात बिघडले असे समजून ते पुसून टाकू नये.

थोडा इतिहास, थोडी काळजी

एवढासा दिवा कॅमेऱ्यात येण्यास पुष्कळ काळ लागला. 1887 साली जर्मनीत मॅग्नेशियमची एक स्फोटक भुकटी निघाली. ती पेटविली की लख्ख उजेड आणि त्यामागून दाट धूर. ह्या कामात भुवया गमावलेले छायाचित्रकार थोडे नव्हते. 1929-30 च्या सुमारास काचेचे बंद गोळे आले. एक चित्र, की एक गोळा संपला. वडील मंडळींना लग्नमंडपात पडलेले ते जळके गोळे अजून आठवत असतील. 1931 च्या सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन ह्यांनी वायूने भरलेल्या नळीतून वारंवार चमकणारा विजेचा दिवा सिद्ध केला, आणि आजचा फ्लॅश त्याचाच वंशज आहे. 1975 साली जपानच्या कोनिका कंपनीने असा दिवा अंगातच असलेला सी 35 ईएफ हा लहान कॅमेरा बाजारात आणला आणि तेथपासून तो सामान्य कुटुंबाच्या हाती आला.

हा दिवा लावण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत विजेचा साठा केला जातो, आणि त्याचा दाब तीनशे व्होल्टांच्या आसपास असतो. बॅटरी काढून घेतल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. तेव्हा बिघडलेला कॅमेरा घरी उघडून पाहण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये, त्याचा झटका जबर बसतो. तसेच बॅटरी उतरत आली की दिव्याला पुन्हा तयार होण्यास वेळ लागतो. कार्याच्या आदल्या रात्री ती भरून ठेवावी.

आज रात्री करून पाहा

शेवटी एक छोटासा प्रयोग सुचवितो. आज रात्री जेवणे झाल्यावर अंगणात किंवा गच्चीवर जावे. घरातील एखाद्याला प्रथम दोन पावलांवर उभे करावे, मग चार, सहा आणि दहा पावलांवर. प्रत्येक वेळी झूम न वापरता एक चित्र घ्यावे आणि चारही शेजारी शेजारी पाहावीत. आपल्या दिव्याची धाव कोठे संपते हे आपल्याला कायमचे कळेल. मुलांना त्यात अंतराच्या वर्गाचा नियमही पुस्तकाबाहेर भेटेल. उद्या सहलीला, किंवा कोणाच्या निरोपाला जाताना, ह्या दहा मिनिटांचे मोल कळून येईल. पुष्कळशी चित्रे पुन्हा काढता येतात. घर सोडून निघालेल्या माणसाचे त्याच्या गावातले चित्र मात्र पुष्कळदा एकाच दिवशी काढावे लागते.

आत्याबाईंचे ते दुपारचे छायाचित्र आता पुण्यात त्यांच्या खोलीत लागलेले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या कड्यावरच्या रेषा बोटाने दाखवितात. कोजागिरीचे चित्र नाही, ह्याची रुखरुख मीच एकदा बोलून दाखविली. त्यावर त्या म्हणाल्या, “ते चांदणं मी दोनदा पाहिलंय रे. ते मला आठवतं. पण उन्हात मी तिथं कशी दिसत होते, ते मला कसं ठाऊक असणार? ते तू दाखवलंस.”